यंदा वेल पिवळा, गेल्या वर्षी नुसता पाला

मुलुंड पूर्वेच्या एका ताईंचं पत्र आलंय, थोडक्यात देते.

"माझं माहेर सासवडजवळ. तिकडे भाऊ दरवर्षी मटार करतो, फारसं काही न करता पोत्यांनी निघतो. मी इथे गॅलरीत बारा ग्रो बॅग लावल्यात. नर्सरीतली लाल माती, थोडं गांडूळखत. गेल्या वर्षी शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून दर आठवड्याला चमचाभर युरिया दिला. वेल खिडकीच्या ग्रिलवर चढून वरच्या मजल्यापर्यंत गेले, पण शेंगा आल्या मोजून नऊ. मिस्टर अजून चिडवतात. यंदा घाबरून युरिया बंद केला, त्याच मातीत नवरात्रात दाणे टोचले, तर आता खालची पानं पिवळी पडून वाळतायत. रोपं वीतभर होऊन थांबलीत. कोणतं खत देऊ?"

ताई, आत्ता लगेच कोणतंच नको. आधी एक रोप उपटा.

जीवावर येईल, पण सगळ्यात मरतुकडं एक निवडा. ओढून काढू नका, बॅगेची माती भरपूर ओली करून खुरप्याने मुळासकट अलगद उचला आणि पाण्याच्या बादलीत बुडवून हलवत राहा, म्हणजे माती सुटेल आणि मुळं शाबूत राहतील. आता मुळं पांढऱ्या ताटलीत पसरा आणि बघा, मोहरी ते ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात का. दिसल्या तर त्यातली मोठीशी एक ब्लेडने मधोमध कापा. आत गुलाबी-लालसर, जवळजवळ मटणाच्या रंगाची निघाली तर गाठ काम करतेय. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या चुलतभावाचा आहे, लेगहिमोग्लोबिन म्हणतात त्याला. आतून पांढरी असेल तर गाठ नुसती नावाला आहे. हिरवट-तपकिरी असेल तर तिचं आयुष्य संपलं. माझा अंदाज, तुम्हाला गाठी दिसणारच नाहीत, किंवा चार-दोन पांढऱ्या दिसतील.

तुमच्या दोन्ही वर्षांची गोष्ट इथेच आहे. वाटाणा हे शेंगवर्गीय पीक. त्याच्या मुळांवरच्या गाठींमध्ये रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र (नायट्रोजन) पकडून रोपाला देतात आणि बदल्यात रोपाकडून साखर घेतात. पण वाटाणा हिशेबी आहे. मातीत आयता नत्र मिळाला तर तो या भाडेकरूंना साखर देत बसत नाही, गाठी बांधतच नाही. गेल्या वर्षी तुम्ही आठवड्याला चमचा युरिया दिलात, त्यातला 46 टक्के नत्र. रोपाला वाटलं, दिवाळी आहे, वाढा. ते वाढलं, शेंगा धरायची त्याला घाईच राहिली नाही. यंदा युरिया एकदम बंद झाला, आणि गाठी बांधायला जे जिवाणू लागतात ते तुमच्या मातीत मुळात नव्हतेच. म्हणून खालची पानं आधी पिवळी. उपाशी रोप जुन्या पानांतला नत्र काढून कोवळ्या शेंड्याला देतं, म्हातारी पानं आधी जातात. (शेंड्याकडची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असत्या तर मी लोहाची कमतरता म्हटलं असतं. रोप भर दुपारी एका अंगाने मान टाकत असतं तर मर रोग. तुमचं वर्णन या दोन्हींत बसत नाही.)

"जिवाणू नव्हतेच" हे मी एवढं ठामपणे का म्हणते? कारण प्रत्येक शेंगवर्गीय पिकाला कुठलाही रायझोबियम चालत नाही. वाटाण्याचा जिवाणू मसूर, लाख, बाकला यांच्या बिरादरीतला. चवळी, मूग, वाल यांची बिरादरी वेगळी. कोकणपट्ट्यात भात काढला की त्याच्या ओलीवर वाल होतो, पिढ्यान्‌पिढ्या होतो, त्यामुळे इथल्या मातीत वालाचे सोबती असतात. वाटाण्याचे नसतात. आणि तुमची लाल माती तर कुठल्या तरी टेकडीच्या पोटातून खोदून पोत्यात भरलेली, तिच्यात तुमच्याआधी वाटाणा कधी उगवलेला नाही.

गाठींतले जिवाणू नत्र देतात ही गोष्ट कळायलाही जगाला 1886 साल उजाडावं लागलं. जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ या दोघांनी कुंड्यांत नत्र नसलेली वाळू भरून धान्यं आणि वाटाणे लावले होते. ओट नत्राच्या मापात वाढायचे, जेवढा घालाल तेवढेच. वाटाण्याचं मात्र विचित्र. काही कुंड्यांत उपाशी मरायचा, काहींत नत्र नसताना तरारून यायचा. शेतातली माती पाण्यात ढवळून ते पाणी जरासं घातलं की मरतुकडी रोपंही हिरवी व्हायची, आणि मुळांवर गाठी दिसायच्या. ताई, तुमच्या बारा बॅगा म्हणजे त्यांच्या त्या उपाशी कुंड्या. सासवडला भाऊ "काही करत नाही" कारण त्याच्या रानात वर्षानुवर्षं वाटाणा होतोय, सोबती आधीच जमलेत. शिवाय घाटावरची थंड हवा, ती वेगळी.

आता तुमच्या हातात काय आहे ते बघू.

ही रोपं वाचवायचा हट्ट धरू नका. नवरात्रात पेरणं मुळातच लवकर झालं, ऑक्टोबरच्या मुंबईत वाटाणा भाजतो. त्याला 15 ते 20 अंशांची हवा आवडते, आणि फुलाच्या वेळी दिवस 30 च्या वर गेले की फुलं गळतात. मुंबईत ती हवा थोडीफार मिळते डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, तीही रात्रीच. म्हणजे अर्केलसारखं लवकर येणारं वाण नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पेरलं तर जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात फुलं धरतील. भाऊ पावसाळ्यात करतो म्हणून तुम्हीही जूनमध्ये कराल असं पुढच्या वर्षी मनात आणू नका. त्याच्याकडे पावसाच्या सरी येतात, इथे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, मुळं कुजून जातील. तर आत्ताच्या रोपांचे कोवळे शेंडे खुडा, लसूण-मिरचीवर परता. मेथीच्या जवळपास जाणारी भाजी होते, मला तर जास्त आवडते. मिस्टरांना सांगा हेही पीकच आहे. मुळं काढू नका, रोप बुडातून कापा.

आता माती. लाल माती म्हणजे जांभा दगड झिजून झालेली, लोह भरपूर आणि बहुतेक वेळा आम्लधर्मी. वाटाण्याला सामू (pH, आम्लतेचं माप) 6 ते 7.5 लागतो. सामू 5.5 च्या खाली गेला की एकदम तीन गोष्टी बिघडतात. रायझोबियम तग धरत नाही. स्फुरद (फॉस्फरस) लोहाला चिकटून बसतो, तुम्ही कितीही घाला, मुळाला मिळत नाही. आणि मॉलिब्डेनम नावाचं एक सूक्ष्मद्रव्य, जे नत्र पकडणाऱ्या त्या जिवाणूच्या यंत्राचा भागच आहे, तेही मातीत अडकून राहतं. म्हणजे दुकानातून आणलेलं खत आतून बंद असलेल्या दारावर ठोठावत बसतं.

सामू मोजायला प्रयोगशाळा हवीच असं नाही. शोभेच्या माशांच्या दुकानात पाण्याचा सामू बघायचं किट मिळतं, प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलवाल्यांकडे कागदाच्या पट्ट्या मिळतात. वाटीभर माती आणि अडीच वाट्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, अर्धा तास ढवळत राहा, निवळू द्या, वरच्या पाण्यात पट्टी बुडवा. नळाचं पाणी घेऊ नका, त्याचा स्वतःचा सामू येईल. रंग लाल मातीमुळे कळेना झाला तर कॉफीच्या फिल्टरमधून गाळा. साडेपाच-सहाच्या मध्ये काहीतरी येईल असं मला वाटतं, पण माझ्या वाटण्यावर चुना घालू नका, मोजा.

कमी आला तर तो वाढवायला दहा किलो मातीला सपाट दोन चहाचे चमचे डोलोमाइट पावडर (चुनखडीसारख्या दगडाची भुकटी), नर्सरीत मिळते. विड्याच्या पानाला लावायचा चुना वापरू नका, तो जहाल आहे, मात्रा चुकली की सामू उडी मारतो. डोलोमाइट मिसळून माती जेमतेम ओली करून दोन आठवडे तशीच ठेवायची. आज पत्र छापून येतंय तेव्हा नोव्हेंबरचा दुसरा आठवडा चालू असेल, म्हणजे आज संध्याकाळीच हात घातलात तर वेळ बरोबर साधते. एक गोष्ट माझ्या हातून झालेली सांगते. माझ्या पहिल्या वर्षी मी "एकाच कष्टात" म्हणून चुना आणि युरिया एकाच दिवशी मिसळला होता. दुसऱ्या दिवशी गॅलरीत अमोनियाचा असा भपकारा, की शेजारच्या काकूंनी मांजराचं काही झालंय का म्हणून विचारलं. नत्र सगळा हवेत गेला, वर बोलणी खाल्ली.

आता जुनी माती आहे म्हणून दुसरा मुद्दा. सलग दोन वर्षं वाटाणा त्याच मातीत म्हणजे मर रोगाच्या बुरशीला आमंत्रण. पेरणी तोंडावर आली असताना माती बदलायची नसेल तर एवढं करा, प्रत्येक बॅगेत ओंजळभर कुजलेल्या खतात चमचाभर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळून घाला, आठवडाभर ओलसर ठेवा. पुढच्या मे महिन्यात मात्र माती गच्चीवर वीतभर थरात पसरा, ओली करा, वरून पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट लावून कडा विटांनी दाबा आणि चार-सहा आठवडे विसरा. आतून भट्टी होते. काळं प्लॅस्टिक नको, ते स्वतः तापतं, मातीला कमी तापवतं.

मिश्रण म्हणाल तर दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड नदीची रेती. कोकोपीट घालत असाल तर तीनदा धुवून, त्यात मीठ असतं आणि वाटाण्याला मीठ अजिबात सोसत नाही. चौपाटीची वाळू आणण्याचा विचारही नको, समजलं ना? शेणखत आरे किंवा जोगेश्वरीच्या तबेल्यातून कुणी आणून देत असेल तर ताजं शेण घेऊ नका. चांगलं कुजलेलं खत हाताला गरम लागत नाही, शेणाचा वास येत नाही, पहिल्या पावसाच्या मातीसारखा येतो, आणि मुठीत दाबलं की गोळा होतो पण बोट लावलं की फुटतो.

आता तुमचा खरा प्रश्न, खत. पेरणीच्या वेळी वाटाण्याला जे हवं ते स्फुरद. मुळं, गाठी, फुलं, दाणा भरणं, सगळीकडे त्याचं काम. दहा किलो मिश्रणाला एक सपाट चमचा दाणेदार सिंगल सुपर फॉस्फेट. त्यात 16 टक्के स्फुरद, शिवाय गंधक आणि कॅल्शियम फुकटात. वर पसरू नका, स्फुरद मातीत फारसा हलत नाही, मुळं जिथे जाणार तिथे म्हणजे बियांच्या खाली बोटभर खोल ठेवून मातीने झाका. डोलोमाइट घातल्यावर दोन आठवड्यांनीच, एकत्र नाही. नत्र म्हणून शेणखतात जे आहे तेवढं पुरे. शेतातही वाटाण्याला हेक्टरी 20-25 किलो नत्र एवढाच हात लावतात, गाठी सुरू होईपर्यंतची शिदोरी म्हणून, आणि स्फुरद त्याच्या दुपटीहून जास्त. नर्सरीवाला तुम्हाला हमखास एकोणीस-एकोणीस-एकोणीस, म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश (पोटॅश) सारखंच असलेलं खत, देईल. टोमॅटोला ठीक आहे, इथे परत तोच पाला येईल.

चहाचा चोथा, केळीची सालं, ताक, अंड्याची टरफलं याबद्दलही तुम्ही विचारणार हे मला माहीत आहे, म्हणून आधीच: आम्लधर्मी लाल मातीत चहाचा चोथा कंपोस्टच्या डब्यात जाऊ दे, थेट बॅगेत नको. टरफलं मिक्सरला मैद्यासारखी केलीत तरच या हंगामात काही उपयोग. शेकोटीची राख असेल तर बॅगेला चमचाभर चालेल, पालाश मिळतो, पण डोलोमाइट घातलंय तिथे नको.

सगळ्यात महत्त्वाचं काम सर्वात स्वस्त आहे. वाटाण्यासाठीचं रायझोबियम संवर्धक, म्हणजे जिवंत जिवाणूंची पावडर, मागून घ्या, "वाटाण्याचं" हा शब्द पाकिटावर दिसला पाहिजे, सोयाबीनचं दिलं तर पैसे पाण्यात. राज्यातली कृषी विद्यापीठं ते बनवून विकतात, शेतीच्या दुकानातही असतं. मुदत बघा, आणि घरी आणल्यावर गॅसजवळच्या कपाटात ठेवू नका, ते जिवंत आहे. अर्धा कप पाण्यात दोन चमचे गूळ उकळून पूर्ण थंड करा. गरम पाण्यात जिवाणू शिजतात हे सांगायला नको, पण मी ते करून बसलेल्या दोघींना ओळखते. शंभर दाण्यांवर चार-पाच थेंब गुळाचं पाणी शिंपडून, वर अर्धा चमचा संवर्धक टाकून, वाडग्यात हलके हलके फिरवा. दाण्यांवर काळसर मऊ पापुद्रा आला की वर्तमानपत्रावर सावलीत अर्धा तास पसरा आणि त्याच दिवशी पेरा. उन्हात वाळवलंत तर संवर्धक गेलं.

इथे एक मेख आहे. बाजारातलं मटाराचं बी गुलाबी किंवा हिरव्या रंगाने माखलेलं येतं. तो रंग म्हणजे बुरशीनाशक लावल्याची खूण, आणि ते बुरशीनाशक तुमच्या जिवाणूंनाही सोडत नाही. असं बी मिळालं तर संवर्धक बियांना न लावता खतात मिसळून ओळीखाली घाला. आणि किराणा दुकानातला सुका वाटाणा पेरू नका. उगवला तरी तो उसळीचा, ताज्या शेंगेच्या गोडीचं वाण नव्हे.

पेरताना माती वाफशावर हवी, चिखल नको, धूळ नको. बोटाच्या दोन पेरांपर्यंत खोल, एका बारा इंची बॅगेत पाच-सहा दाणे. उगवेपर्यंत पाण्याचा हात आवरा. इथे निम्म्या लोकांचे दाणे कुजतात ते प्रेमाने. पूर्वेची गॅलरी असेल तर सकाळचं ऊन आणि दुपारची सावली दोन्ही मिळेल, नसेल तर दुपारनंतर जुनी ओढणी बांधा. वेलाला ग्रिलऐवजी सुतळी किंवा काटक्या द्या, लोखंड दुपारी तापतं आणि वेलाचे धागे चटके खातात.

पेरणीनंतर तीन आठवड्यांनी आणखी एक रोप बळी द्या आणि गाठ कापून बघा. गुलाबी असेल तर पुढे नत्राचं नाव काढायचं नाही. फुलं दिसू लागली की एकदा झिरो बावन चौतीस नावाचं पाण्यात विरघळणारं खत, लिटरला पाच ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा, दहा-बारा दिवसांनी परत. त्यात नत्र शून्य, स्फुरद आणि पालाश दोन्ही. याच काळात पाण्याचा ताण पडू देऊ नका, तेव्हाच शेंगा पोकळ राहतात. भुरी, म्हणजे पानांवर पिठासारखा थर, जानेवारीत हटकून येते, पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, तेही ऊन उतरल्यावर.

किती निघेल? बारा बॅगांतून दोन-तीन वेळा पुलाव होईल आणि एकदा कचोरीचं सारण, फार झालं तर. किलोभर शेंगांतून निम्म्याच्या आसपास दाणे निघतात, तोही हिशेब धरा. पैशाच्या गणितात वाशीच्या घाऊक बाजारातला मटार तुम्हाला हरवणारच. ज्यांना नुसती शेंग हवी त्यांना मी मुंबईत वाल लावा म्हणते, पण तुम्हाला वाटाणाच हवाय, माहेरचा आहे.

आणि त्यावरून. दिवाळीनंतर भाऊ आला किंवा तुम्ही गेलात तर त्याच्या वाटाण्याच्या रानातली वाटीभर माती मागा, चांगल्या हिरव्यागार तुकड्यातल्या मुळांजवळची. जिथे मर लागली होती तिथली नको, नाहीतर जिवाणूबरोबर रोगही मुलुंडला येईल. पिशवीत थोडी ओलसर ठेवा, एसटीत पायाजवळच्या गरम पत्र्यावर नको. बॅगेत पेरणीआधी चार चमचे पसरून टाका. संवर्धकही लावा, ही वरून. अकरा बॅगांत दोन्ही आणि एका बॅगेत काहीच नाही असं ठेवलंत तर फेब्रुवारीत मला दोन्हीकडच्या मुळांचे फोटो पाठवा, कापलेल्या गाठीसकट.